चहा एक, चवी अनेक

घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन जोडले जाईपर्यंत पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबते आणि फलाटावर चहाचे पेले फिरू लागतात. खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर वाहने थांबतात, तीही बहुधा चहासाठीच. इकडे आदिवासी पाड्यांवर चुलीवर कोऱ्या चहाचे आधण असते. रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत चहाचे मळे नाहीत, चहा मात्र घरोघर आहे. मुंबईचे ‘कटिंग’ आणि पुण्याचे ‘अमृततुल्य’ यांच्या वाटेवर असलेल्या या भागातील प्रत्येक पेला वेगळा का लागतो, हे जाणून घेणे उपयोगाचे आहे.

झाड एकच, प्रक्रिया वेगळी

काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे चारही चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झाडापासून मिळतात. या झाडाचे चिनी आणि आसामी असे दोन मुख्य उपप्रकार आहेत. पान खुडल्यानंतर हवेतील प्राणवायूशी त्याचा किती संयोग होऊ द्यायचा, यावर चहाची जात ठरते. पान लगेच वाफवले किंवा कढईत परतले, की ही क्रिया थांबते आणि हिरवा चहा तयार होतो. ती अर्धवट होऊ दिली तर ऊलाँग आणि पूर्ण होऊ दिली तर काळा चहा मिळतो. कोवळ्या कळ्या व पाने केवळ सुकवली, की पांढरा चहा होतो. म्हणजे हिरव्या चहाचे झाड वेगळे असते, हा समज चुकीचा आहे.

दाणेदार की पानाचा?

टपरीवरच्या चहासाठी बहुतेक वेळा दाणेदार ‘सीटीसी’ चहा वापरतात. या पद्धतीत पाने यंत्रात चिरडून, फाडून त्यांच्या बारीक गोळ्या केल्या जातात. हे यंत्र १९३०च्या दशकात आसाममध्ये विकसित झाले. भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा असतो. त्याला रंग लवकर सुटतो, कमी पुडीत जास्त पेले होतात आणि दूध, साखर, आले घातले तरी त्याची चव दबत नाही.

याउलट ‘ऑर्थोडॉक्स’ चहात पान वळून, शक्य तितके अखंड ठेवून सुकवतात. दार्जिलिंगचा बहुतेक चहा असा असतो. त्याचा सुगंध नाजूक असल्यामुळे तो दुधाविना पिणेच योग्य; उकळून दूध घातल्यास महाग चहाचा पैसा वाया जातो. काळ्या चहाला उकळते पाणी आणि तीन ते पाच मिनिटे लागतात. हिरव्याला ७५ ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. अधिक वेळ ठेवल्यास तो कडू होतो.

गवती चहा म्हणजे चहा नव्हे

कोकणातील परसात गवती चहा हमखास आढळतो. पावसाळ्यात आले आणि गवती चहाची पात घातल्याशिवाय अनेक घरांत चहा होत नाही. मात्र हे सुगंधी गवत आहे. चहाच्या झाडाशी त्याचे नाते नाही. त्याचा लिंबासारखा वास ‘सिट्रल’ या घटकामुळे येतो. त्यात कॅफिन नसल्याने नुसत्या गवती चहाचा काढा रात्रीही घेता येतो. चहाच्या झाडापासून न बनलेल्या पेयांच्या पाकिटावर ‘चहा’ असे लिहू नये, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. घरच्या बोलीतले नाव अर्थातच कायम आहे.

कोरा चहा आणि लोह

ठाकूर व कातकरी वाड्यांवर दूध परवडत नाही किंवा मिळत नाही, म्हणून अनेकदा कोरा गोड चहा पितात. शहरात हाच चहा आता आरोग्यदायी म्हणून मिरवतो. दुधाविना चहात उष्मांक कमी असतात हे खरे. पण खरा प्रश्न तो कधी घेतला जातो, हा आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला बांधून ठेवते आणि भाकरी, डाळ, पालेभाज्यांतील लोह शरीराला कमी मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे भाकरी चहात बुडवून खाण्याची सवय महागात पडू शकते. जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोह शोषले जाण्यास मदत होते.

याच मार्गदर्शिकेनुसार चहाच्या एका पेल्यात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. केवळ हिरवा आहे म्हणून चहा कॅफिनमुक्त ठरत नाही.

खरेदी आणि साठवण

सुट्या चहात कृत्रिम रंगाची भेसळ असू शकते. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून काही वेळाने कागद धुवावा. त्यावर रंगाचे ठळक डाग राहिले, तर चहा संशयास्पद समजावा. चहा ओलावा आणि वास चटकन ओढून घेतो. घाटाखालच्या मुसळधार पावसात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यापासून दूर ठेवणे हिताचे.

थोडक्यात, दूध घालायचे असेल तर दाणेदार, नुसता प्यायचा असेल तर पानाचा आणि निजताना गवती चहा घ्यावा. प्रकार कोणताही असो, चहा आणि जेवण यांच्यात तासाभराचे अंतर राखणे महत्त्वाचे.