पंचवीस वर्षे उघडे राहिलेले दार

पडद्यावर एक ओळ टंकायची, एन्टर दाबायचे आणि संगणकाने ती वाचून काम करायचे, हा माऊसच्या आधीचा रिवाज. ओळ वाचणाऱ्या या मध्यस्थाला ‘शेल’ म्हणतात. लिनक्सवर सर्वाधिक रुळलेला शेल म्हणजे ‘बॅश’. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी लिहिला. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची नावे कुणाला ठाऊक नसतात, तशी त्यांची हत्यारेही. सप्टेंबर २०१४ मध्ये मात्र बॅशचे नाव जगभर गाजले.

एक शेल दुसरा कार्यक्रम सुरू करतो तेव्हा त्याच्यासोबत काही चिठ्ठ्या पाठवतो. प्रत्येक चिठ्ठीला एक नाव आणि आत मजकूर. ऑगस्ट १९८९ मध्ये बॅशला एक सोय जोडली गेली: या चिठ्ठ्यांतून ‘फंक्शन’, म्हणजे आज्ञांचा छोटा संचही पाठवता येऊ लागला. फंक्शन ओळखायचे कसे? मजकुराची सुरुवात () { अशी असली की ते फंक्शन. नवा बॅश ते वाचून घेई. पण फंक्शन संपले तरी वाचणे थांबत नसे. पुढे लिहिलेली आज्ञाही तो निमूटपणे पार पाडी.

त्या काळाच्या मापाने याला घोडचूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. चिठ्ठ्या लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकच माणूस होता. वर्ल्ड वाइड वेब अजून जन्माला यायचे होते. १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत आली आणि वेब सर्व्हर परक्या पाहुण्याने पाठवलेला मजकूर याच चिठ्ठ्यांत भरू लागला. ब्राउझरच्या नावाच्या जागी ती चार चिन्हे आणि पुढे एक आज्ञा लिहिली, आणि मागे कुठेतरी बॅश चालू झाला, की पासवर्डविना सर्व्हर परक्याच्या हुकमात. बॅशचा कोड सर्वांना खुला होता, पण खुले असणे आणि कुणी वाचणे या वेगळ्या गोष्टी.

१२ सप्टेंबर २०१४ रोजी स्टेफान शाझेला यांनी हा दोष चेट रेमी यांना कळवला. रेमी क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात नोकरी करत आणि दोन दशकांहून अधिक काळ बॅश विनामोबदला सांभाळत होते. लिनक्सच्या प्रमुख वितरकांना गुपचूप सावध करून २४ तारखेला दोष आणि दुरुस्ती एकदमच जाहीर झाली. शाझेला यांनी त्याला ‘बॅशडोअर’ म्हटले होते. जगाने ‘शेलशॉक’ हे नाव उचलले. अमेरिकेच्या राष्ट्रीय दोषसूचीत त्याला गांभीर्याचे १० पैकी १० गुण मिळाले. हल्ले लगेच सुरू झाले.

खरी कथा पुढेच आहे. पहिल्या दुरुस्तीने बॅशला फंक्शनपाशी थांबायला शिकवले. काही तासांतच गुगलच्या ताविस ऑर्मंडी यांनी त्याला दुसऱ्या वाटेने फसवून दाखवले. दुसरी दुरुस्ती आली. मिखाउ झालेव्हस्की यांनी आणखी दोष काढले. वाचणारा सुधारत बसलो तर याला अंत नव्हता.

रेड हॅटचे फ्लोरियन वायमर यांनी वाचणाऱ्याला हात न लावता चिठ्ठीच्या नावाकडे पाहिले. त्यांच्या दुरुस्तीनुसार फंक्शन नेणाऱ्या चिठ्ठीचे नावच विशिष्ट उपसर्ग-प्रत्ययाचे हवे; एरवी मजकूर काहीही असो, तो निव्वळ मजकूर. वेबवरचा पाहुणा मजकूर निवडू शकतो, पण सर्व्हर त्याच्या चिठ्ठीच्या नावामागे स्वतःचाच ‘एचटीटीपी’ हा शिक्का लावतो. त्यामुळे वाचणाऱ्यात दोष उरले तरी परक्याचा मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. झालेव्हस्कींचे दोष जाहीर झाले तेव्हा ही दुरुस्ती बसवलेली यंत्रे सुरक्षितच होती.

रेमी यांनी ती कल्पना अधिकृत बॅशमध्ये घेतली. आजही बॅशमधून फंक्शन निर्यात करून चिठ्ठ्यांची यादी मागवली, तर त्याच्या नावाच्या शेवटी टक्क्याची दोन चिन्हे दिसतात.