डावा कोपरा

गेल्या आठवड्यात शाळेत एक वेगळाच खटला माझ्यापुढे आला. आठवीतला एक मुलगा आमच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळतो. तो म्हणाला, "सर, मला कोपऱ्यात नाही खेळायचं. मला चढाई करायची आहे." का रे बाबा? तर त्याचे अब्बा म्हणाले होते, कोपऱ्यात वाकून उभं राहणाऱ्याला कोण विचारतं? निवड करणारे चढाईवाल्याकडे बघतात, टाळ्या त्यालाच, पैसाही त्यालाच. आमचे क्रीडाशिक्षक वैतागले होते. मी भाषा शिकवणारा माणूस, पण मुलगा माझ्या वर्गातला, म्हणून मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली.

अब्बांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात लहान पोरालाही कासेगावच्या काशिलिंग आडकेचं नाव माहीत असतं. 2014च्या इंचॉन एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातला नितीन मदनेही आमच्याकडचाच. दोघेही चढाईचे गडी. इथल्या कोपरारक्षकाचं नाव विचारा, पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पण पैशाचं म्हणाल तर हिशेब बदलला आहे. 2014ला प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला, तेव्हा सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला. चार वर्षांनी, 2018च्या लिलावात, एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला गेला. तो आकडा ज्याला मिळाला तो चढाईवाला नव्हता, इराणचा फझल अत्राचली होता. यू मुंबाचा डावा कोपरा. त्याच लिलावात मोनू गोयत दीड कोटीच्या वर गेला आणि बातम्यांचे मथळे पुन्हा चढाईकडे वळले, ही गोष्ट वेगळी. 2023ला पुणेरी पलटणने दुसरा इराणी डावा कोपरा, मोहम्मदरेझा शादलूई, 2 कोटी 35 लाखांना घेतला. तेव्हा एका संघाला संपूर्ण चमूवर खर्च करायची मर्यादा होती 5 कोटी. म्हणजे जवळपास निम्मी थैली एका कोपऱ्यात ओतली. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चहा गार होईपर्यंत वाद झाला होता. असं करावं का?

आधी हा माणूस करतो काय ते बघू. समोरासमोर उभं राहिलं की चढाईवाल्याचा उजवा हात जिकडे, ती बचाव करणाऱ्यांची डावी बाजू. कोपरारक्षक सर्वांत कडेला आणि सर्वांत मागे. चढाईवाला खोल आला की त्याचा घोटा धरायचा, मांडीला मिठी मारायची, आणि शेजारचे येईपर्यंत सोडायचं नाही. पकड यशस्वी झाली तर साधारणपणे गुण मिळतो एक. चढाईवाला एका दमात दोन-तीन गडी टिपून परत जाऊ शकतो. मोसम संपल्यावर अव्वल चढाईवाल्याच्या नावावर अडीचशेच्या वर गुण असतात, अव्वल बचावपटूच्या नावावर शंभरच्या आसपास. फलक वाचून भाव ठरवायचा तर कोपरा स्वस्तच ठरणार.

पण फलकावर न येणारं एक काम आहे. कोपऱ्यातला गडी जबर असेल तर चढाईवाला तिकडे फिरकतच नाही. हात हलवून, बोनस रेषेकडे बघून रिकामा परत जातो. दोनदा असं झालं की नियमाप्रमाणे तिसरी चढाई 'करा किंवा मरा'. गुण नाही आणला तर स्वतः बाद. त्या बादगुणाचं श्रेय ज्याने पकड केली त्याला मिळतं. ज्याच्या धाकाने पहिल्या दोन चढाया वाया गेल्या, त्याच्या खात्यावर काहीच नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, जो हाताने जास्त खेळतात, हाच प्रश्न आधी सुटला. चेंडू फेकणारा सूत्रधार उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. 1985च्या नोव्हेंबरमध्ये जो थाइसमन या सूत्रधाराचा पाय भर सामन्यात मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्या आंधळ्या बाजूला उभा राहणारा धिप्पाड गडी म्हणजे 'लेफ्ट टॅकल'. चेंडूला त्याचा हात क्वचितच लागतो. 1993ला खेळाडूंना मोकळेपणी संघ बदलता येऊ लागला, तेव्हा या बिनचेहऱ्याच्या माणसांचे पगार भराभर वर गेले.

उर्दूत सैन्याच्या उजव्या बगलेला मैमना म्हणतात, डाव्या बगलेला मैसरा, आणि मधल्या भागाला कल्ब, म्हणजे काळीज. मैसरा हा शब्द शिकवताना मला दर वेळी एकच माणूस आठवतो. 14 जानेवारी 1761, पानिपत. मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर इब्राहिमखान गारदी.

साताऱ्यात बी.एड. करत असताना सरावाच्या पाठासाठी मी पानिपत निवडलं होतं. छत्रपतींच्या राजधानीचं गाव. पोरं इतिहासात तयार. फळ्यावर व्यूह काढला, डावीकडे इब्राहिमखानाचं नाव लिहिलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तो आपला की त्यांचा?" वर्ग हसला. मी 'आपला' म्हणालो आणि पुढे गेलो. त्याच्या पगाराची गोष्ट सांगायची राहून गेली, ती आज सांगतो.

इब्राहिमखान निजामाच्या चाकरीतून पेशव्यांकडे आला. फ्रेंच पद्धतीची कवायत, बंदुका, तोफा, आणि रांगेत चालणाऱ्या पलटणी. घोड्यावर वाढलेल्या मराठी सरदारांना हे सगळं परकं होतं. त्याहून जास्त खुपायचा तो त्याचा खर्च. घोडेस्वाराला सरंजामावर, लुटीवर, उधारीवर महिनोन् महिने चालवता येई. गारद्याला दर महिन्याला रोख लागे. इब्राहिमखान त्या रोख पगारासाठी सदाशिवरावभाऊंच्या मागे लागायचा आणि भाऊ त्रासायचे.

काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या छावणीतला माणूस, म्हणजे शत्रूच्या बाजूचा साक्षीदार. त्याने लिहून ठेवलं आहे की लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला. पगाराच्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर नाराज होता, या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि काहीच मिळालं नाही, तरी आजवर घेतलेला पैसा फुकट नव्हता हे आज दाखवतो, अशा अर्थाचं काही बोलून तो आपल्या जागी परतला. मग दोन पलटणी बगलेच्या रक्षणाला वळवून उरलेल्या सात घेऊन तो संगिनी रोखत रोहिल्यांवर गेला. रोहिल्यांची फळी फुटली. त्यांचे आठ हजारांच्या आसपास लोक पडले किंवा जखमी झाले, असं काशीराज म्हणतो. गारद्यांच्याही सहा पलटणी जवळपास संपल्या.

आता शेजाऱ्यांकडे या. त्याच्या लगतची साथ विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाची. रोहिले मागे हटताना दिसताच या घोडदळाने रांग सोडून पुढे धाव घेतली, स्वतःच्याच तोफांच्या तोंडासमोर आले, गारद्यांचा मारा थांबला आणि रोहिल्यांना सावरायला उसंत मिळाली, अशी हकीगत मराठीत रूढ आहे. काशीराज मात्र दमाजींनी चांगली साथ दिल्याचं, त्यांना जखमा झाल्याचं लिहितो. खरं त्या दोघांमध्ये कुठेतरी असेल. मला त्यांची बदनामी करायची नाही. धावत्या शत्रूच्या मागे जाणं हा घोडेस्वाराचा पिढीजात धर्मच होता. बंदुकांच्या रांगेशेजारी उभं कसं राहायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. महागडी डावी बगल विकत घेतली, तिच्या शेजारी कसं लढायचं याची कवायत कुणी विकत घेतली नाही.

इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि काही दिवसांत कैदेतच मेला. आणि 'गारदी' या शब्दाचं आपण काय केलं बघा. 1773ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. खून करणारे गारदी आत शिरले तेही थकलेल्या पगाराची ओरड करत. तेव्हापासून मराठीत गारदी म्हणजे मारेकरी. पानिपतचा गारदी त्या अर्थाखाली गाडला गेला.

पुन्हा लिलावाकडे येतो. शादलूईला घेऊन पुणेरी पलटणने 1 मार्च 2024ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार आपला अहमदनगरकडचा अस्लम इनामदार. पुढच्या लिलावात हरियाणाने शादलूईला 2 कोटी 7 लाखांना नेलं आणि त्या मोसमात हरियाणा जिंकली. दोन वर्षं, दोन संघ, दोन करंडक. स्टाफरूममध्ये मी जिंकलो होतो. मग 2025ला गुजरातने त्याच्यावर 2 कोटी 23 लाख ओतले, आणि गुजरात बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. तोच माणूस, तोच कोपरा. उलट त्याच वर्षी पुणेरी पलटण त्याच्याशिवाय, स्वतः घडवलेल्या पोरांच्या बचावावर अंतिम सामन्यात गेली आणि दिल्लीकडून फक्त तीन गुणांनी हरली. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात होता तोच जुना फझल.

म्हणून आता माझं मत असं: मोठी रक्कम द्यावी, पण आधी हे विचारावं की याने घोटा धरल्यावर दुसऱ्या श्वासाला पोचणारा कोण आहे. तो नसेल तर दोन कोटी देऊन एक एकटा माणूस विकत घेतलेला असतो. पुण्याकडे आणि हरियाणाकडे ती साखळी होती. गुजरातकडे ती कधी जुळताना मला दिसली नाही.

हे सगळं त्या मुलाला सांगितलं, इब्राहिमखानासकट. त्याच्या अब्बांनाही चहाला बोलावलं; ते 1 कोटीच्या आकड्यावर थोडे थबकले, पण पुरते पटले असं म्हणणार नाही. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कोपऱ्यात खेळतो, पण शेजारी चुलतभाऊ नको. तो चढाईवाला पडायच्या आधीच हात सोडून ओरडायला लागतो. त्याच्या जागी सातवीतला एक बुटका पोरगा हवा, जो फारसा कुणाच्या नजरेत नाही. क्रीडाशिक्षकांनी जरा तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं. तालुक्याचे सामने सोमवारी आहेत.