‘रेड’मधला ‘आय’

संकेतस्थळासाठी सर्व्हर भाड्याने घ्यायला गेलं, की यंत्राच्या वर्णनात ‘रेड-१’ किंवा ‘रेड-५’ असं लिहिलेलं दिसतं. एखादी डिस्क मेली तरी संकेतस्थळ चालू राहील, एवढाच ग्राहकाच्या लेखी त्याचा अर्थ. ‘रेड’ (RAID) या इंग्रजी लघुरूपातला ‘आय’ मूळचा ‘इनएक्सपेन्सिव्ह’चा, म्हणजे स्वस्ताईचा.

१९८०च्या दशकात मोठ्या संगणकांचा साठा आयबीएम ३३८०सारख्या अवजड, महागड्या डिस्कांवर असे. तिची क्षमता ७,५०० मेगाबाइट. दुसरीकडे घरगुती संगणकांसाठी कॉनर कंपनीची १०० मेगाबाइटची छोटी डिस्क बाजारात आली होती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी हिशेब मांडला: अशा ७५ चिल्लर डिस्का एकत्र बांधल्या, तर मोठीचं काम का होऊ नये?

अडचण एकच. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभरांच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एक तरी बंद पडणार.

प्रत्येक डिस्कला जुळी ठेवणं हा उपाय ठाऊक होता. टँडम कंपनी १९७६पासून असे जोडीजोडीने चालणारे, न थांबणारे संगणक विकत होती. पण जोडी म्हणजे डिस्कांचा खर्च दुप्पट. त्याहून काटकसरीची युक्ती सम-विषमाची. तीन डिस्कांवर १, ० आणि १ असे अंक आहेत. बेरीज सम, म्हणून चौथीवर ० लिहायचा. मधली डिस्क गेली, तर उरलेल्या १, १ आणि ० यांची बेरीज समच आहे. अर्थात हरवलेला अंक ०. तीन डिस्कांच्या राखणीला एकच जास्तीची पुरते.

ही युक्तीही नवी नव्हती. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८मध्येच तशा पद्धतीचं पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या त्रयीने १९८८च्या शिकागो परिषदेतल्या निबंधात या पद्धतींची पाच पातळ्यांत प्रतवारी केली आणि त्यांना ‘रेड’ हे नाव दिलं. चाललं ते नाव.

पुढे कंपन्या ‘रेड’ची कपाटं भारी किमतीला विकू लागल्या. तिथे ‘स्वस्त’ शोभेना, म्हणून ‘आय’ ‘इंडिपेंडंट’चा झाला.

स्वस्ताईचा मूळ विचार मात्र डिस्कांवरून अख्ख्या संगणकांवर गेला. १९९९मध्ये गूगलने साधे मदरबोर्ड उघड्या ट्रेवर मांडले. शॉर्ट होऊ नये म्हणून खाली बुचाचा थर. यंत्रं बिघडणारच, हे गृहीत धरून सांभाळून घेण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. २००३मध्ये गूगलच्याच अभियंत्यांनी लिहिलं, की शोधसेवा १५,०००हून अधिक सामान्य पीसींवर चालते आहे.

त्या बुचाच्या सर्व्हरांचं एक कपाट आता वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे.