सुंद : नकाशावरून गेलेली एक पंचायत

आज आपण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गन शहराच्या बाहेरच्या बाजूला जाणार आहोत. तिथं सोत्रा नावाचं मोठं बेट आहे. त्याचा दक्षिण भाग आणि आसपासची छोटी बेटं मिळून सुंद नावाची 'कोम्मूने' होती. कोम्मूने म्हणजे काय? आपली ग्रामपंचायत म्हणावं तर अधिकार जास्त, तालुका म्हणावं तर वस्ती कमी. 1837च्या कायद्यानं नॉर्वेत गावोगावी निवडून आलेला कारभार सुरू झाला, त्यात 1838मध्ये सुंदही आली. 1886ला आउस्तेवोलची बेटं वेगळी झाली. लोक मासेमार, जोडीला थोडी शेती, दोन-चार गुरं. रस्ता असा नव्हताच. होडी हाच रस्ता.

इतकं झाल्यावर आम्ही थेट 1942वर येतो, कारण सुंदचा इतिहास सांगायचा तर तेलावोगला थांबावंच लागतं.

तेलावोग हे सुंदमधलं समुद्राकाठचं गाव. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता आणि इथून माणसं गुपचूप उत्तर समुद्र ओलांडून शेटलंडला जात. तिकडून हत्यारं आणि प्रशिक्षित माणसं येत. 26 एप्रिल 1942ला पहाटे गेस्टापो एका घरात शिरले. आत आर्ने वेरुम आणि एमिल वोल हे ब्रिटनहून आलेले दोन नॉर्वेजियन सैनिक लपले होते. गोळीबार झाला. दोन गेस्टापो अधिकारी मेले, वेरुमही मेला. वोल जखमी अवस्थेत पकडला गेला आणि पुढे त्याला ठार मारण्यात आलं.

मग सूड. जर्मन कमिसार टर्बोवेन स्वतः आला. घरं उडवली, जाळली. होड्या बुडवल्या किंवा नेल्या, गुरं मारली किंवा नेली. आता बघा, मासेमार गावाची होडी गेली म्हणजे घर, धंदा आणि रस्ता, तिन्ही एकदम गेले! 72 पुरुष जर्मनीतल्या साक्सेनहाउझेन छळछावणीत पाठवले गेले, त्यातले 31 तिथंच मेले. बायका-मुलांना नोरहाइमसुंदच्या एका शाळेत सुमारे दोन वर्षं डांबून ठेवलं. आणि ज्यांचा तेलावोगशी काडीचा संबंध नव्हता, अशा 18 कैद्यांना 30 एप्रिलला त्रांडुमला गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा काय, तर ओलेसुंदहून ब्रिटनला पळून जायचा प्रयत्न.

चेकोस्लोव्हाकियातलं लिदित्से जून 1942मध्ये उद्ध्वस्त झालं, ते जगाला ठाऊक आहे. तेलावोग त्याच्या सहा आठवडे आधीचं. लिदित्सेत पुरुषांना जागीच मारलं, इथं छावणीत पाठवलं. आम्हाला वाटतं, मृत्यू असा दूरवर आणि हळूहळू झाला की बातमी होत नाही. तेलावोगचं नाव नॉर्वेबाहेर फारसं न पोचण्याचं हे एक कारण असावं.

युद्धानंतर लोक परतले आणि त्याच जागी पुन्हा घरं बांधली. आज तिथं उत्तर समुद्रातल्या त्या वाहतुकीचं संग्रहालय आहे.

बाकीची गोष्ट लवकर संपते. 1971ला सोत्राचा पूल झाला, बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि बर्गनला रोज कामाला जाणं सोपं झालं. 1 जानेवारी 2020ला सुंद, फ्येल आणि ओयगार्डन या तिन्ही कोम्मूने एक झाल्या. नव्या कोम्मूनेला नाव मिळालं ओयगार्डन. सुंदचा कारभार स्कोग्सवोगहून चालायचा, तो तिथून हलला. तेलावोग मात्र आहे तिथंच आहे, फक्त पत्त्यातली कोम्मूने बदलली.