लेकराने सेल गिळला? केळं खाऊ घालू नका, तडक दवाखाना गाठा

मुळशी : लहान मुलानं नाणं, मणी किंवा घड्याळाचा सेल गिळला की घरात एकच धावपळ उडते. कोणी केळं खाऊ घालतं, कोणी भाताचा गोळा गिळायला लावतं, कोणी घशात बोट घालून उलटी काढायला बघतं. यातलं काहीच करू नये. वस्तू आणखी खाली रुतते किंवा उलटीबरोबर श्वासनलिकेत जाऊ शकते.

सगळ्या वस्तू सारख्या नसतात

गिळलेल्या १०० पैकी ८० ते ९० वस्तू शौचावाटे आपोआप पडतात. पोटात पोहोचलेलं नाणं बहुतेक वेळा असंच निघून जातं. मात्र नाणं अन्ननलिकेत अडकलं असेल तर ते २४ तासांच्या आत काढावं लागतं. लाळ गळत असेल, पाणीही गिळता येत नसेल तर तेवढंही थांबू नये.

बटण सेल सर्वात घातक

रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा, खेळणी यांत चपटा गोल सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे वीज वाहते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि आतून भाजतं. दोन तासांतच जखम होऊ लागते, पुढे अन्ननलिकेला भोक पडू शकतं. रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते. दोन किंवा जास्त लोहचुंबक, सुई, उघडी सेफ्टी पिन गिळली तरी तातडीनेच जावं.

दुर्बिणीने कसं काढतात?

आधी एक्स-रे काढतात. सेलच्या कडेला दुहेरी कडं दिसतं, त्यावरून तो नाण्यापासून ओळखू येतो. माशाचा काटा, प्लास्टिक, लाकूड एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून काय गिळलं ते डॉक्टरांना नक्की सांगा. मुलाला भूल देऊन कॅमेरा आणि दिवा असलेली लवचिक नळी तोंडावाटे आत सोडतात. चिमट्याने किंवा छोट्या जाळीने वस्तू धरून बाहेर काढतात. कुठेही चिरावं लागत नाही.

निघण्यापूर्वी एवढं करा

- ताम्हिणीकडच्या किंवा धरणामागच्या वाडीतून पुणं गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. त्यामुळे लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.
- एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय कुठे आहे ते फोनवर विचारून मगच गाडी वळवा. पुण्यात ससून हे मोठं सरकारी रुग्णालय आहे.
- तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत घ्या.
- मुलाला खायला-प्यायला देऊ नका. अपवाद एकच: सेल गिळून १२ तास झाले नसतील, मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका.
- श्वास अडकत असेल, आवाज फुटत नसेल तर वस्तू श्वासनलिकेत असू शकते; तसं १०८ वर सांगा.

मोठ्या माणसांच्या घशात माशाचा काटा, मटणाचं हाड किंवा सैल कवळी अडकते. तिथेही कोरडी भाकरी गिळण्याचा उपाय टाळावा.

घरातल्या रिमोटचं झाकण सैल असेल तर आजच चिकटपट्टी लावा. संपलेले सेल लेकरांच्या हाती लागणार नाहीत असे टाका.