मेणबत्तीवरचा चमचा
नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले रुग्ण मोठ्या संख्येने हृदयविकाराने दगावतात, हे सिएटलच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलं. म्हणजे शहर आणि ही जाणीव जवळपास एकाच वयाची. किडनी आणि हृदयाला जोडणारा धागा मात्र त्याहून जुना आहे. लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गोठून पांढरी झाली की मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत, हे कळे. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदय वाढलेलं आढळतं, हे त्यांनी १८३६ मध्येच नोंदवलं होतं.

कुणी म्हणेल, दोष मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा. किडनीला का धरता? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या अकरा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मधुमेह, रक्तदाब हिशेबात धरूनही, किडनीचं काम जितकं मंद तितका हृदयाचा धोका जास्त, असंच दिसलं. साठणारं पाणी आणि मीठ, रक्तक्षय, फॉस्फरसमुळे कडक होणाऱ्या रक्तवाहिन्या, हा सगळा भार हृदयावरच येतो. नवी मुंबईच्या वाशी-नेरूळमध्ये तरुणपणी घर घेतलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. त्यांच्या ईसीजीच्या फाइलीत क्रिएटिनिनचा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्टही असायलाच हवा.