वाघाच्या मावशीचं ताट

मांजराच्या जेवणाला कसला आलाय इतिहास, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. आपल्या घरांत हा प्रश्न कधी पडलाच नाही. कुत्र्याला दूध-पोळी, मांजराला दूध-भात, कोकणात असलो तर मासळीची डोकी. बाकीचं पोट मांजर बाहेर भरायचं: उंदीर, पाली, चिमण्या. त्या बाकीच्या पोटाकडे आपलं लक्ष नव्हतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

सुरुवात कुत्र्यापासून करू, कारण विकतचं खाणं आधी त्याच्यासाठी निघालं. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकी माणूस लंडनला आला. त्याचा धंदा इमारतींवरच्या वीजरोधकांचा. गोदीवरची कुत्री जहाजातली टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. गहू, बीट, भाज्या आणि सुकं मांस घालून त्याने कुत्र्यांची बिस्किटं काढली आणि ती खपली. (त्याच्या कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये लंडनमध्ये स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन सुरू केलं. ते आजही भरतं.) गव्हावर कुत्रं कसं निभावतं, याचा एक मोठा धागा २०१३ मध्ये हाती आला. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहिलेला प्राणी तो, पोळी पचवायला शिकला.

एका प्राण्याचं अन्न दुसऱ्याला पुरेल असं नाही, हे प्रयोगशाळेला तसं लवकर कळलं होतं. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य घातलं, आणि झाला भलताच रोग: स्कर्व्ही. उंदीर तसल्याच धान्यावर स्कर्व्हीशिवाय राहतो, कारण ‘क’ जीवनसत्त्व तो अंगातच तयार करतो. गिनी पिगला ते जमत नाही, आपल्यालाही नाही.

एवढं माहीत असूनही मांजर म्हणजे लहान कुत्रं, ही समजूत फार काळ टिकली.

१९७५ मध्ये अमेरिकेत हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. प्रथिन म्हणून फक्त केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत होता. कमी पडत होतं टॉरिन. हा पदार्थ १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून वेगळा केलेला, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव. कुत्रा तो सहसा शरीरात बनवून घेतो. मांजर फार थोडा बनवतं, आणि पित्तरस तयार करताना सतत खर्चत राहतं. मांसात तो असतो, वनस्पतींत जवळजवळ नसतो. दूध-भातावरची मांजरं टिकली ती दुधामुळे नव्हे, उंदरांमुळे, असं आता आपण म्हणू शकतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं. १९७५ नंतर पाकिटा-डब्यांतल्या खाण्यात टॉरिन किती हवं याचे आकडे ठरले. तरीही अमेरिकेत दरवर्षी हजारो मांजरं हृदय सैल पडून, फुगून मरत होती. कारण कोणालाच माहीत नव्हतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी अशा २१ पाळीव मांजरांची नोंद ‘सायन्स’ या नियतकालिकात दिली. सगळ्यांच्या रक्तात टॉरिन कमी. तोंडावाटे टॉरिन दिल्यावर हृदय पुन्हा नीट चालू लागलं. त्या काळी हा रोग म्हणजे मरणाची चिठ्ठीच होती, हे लक्षात घ्या.

मग आकडे चुकले कुठे? टॉरिन खाण्यात किती घातलं हे मोजलं गेलं, मांजराच्या रक्तात किती पोचलं हे नाही. डब्यात शिजवलेल्या खाण्यातलं टॉरिन आतड्यातल्या जिवाणूंमुळे जास्त वाया जातं. म्हणून आज अमेरिकी मानकांत कोरड्या खाण्यासाठी ०.१ टक्का टॉरिन, तर डब्यातल्या खाण्यासाठी ०.२ टक्के सांगितलेलं आहे. सुधारणा झाल्यावर हा रोग मांजरांत दुर्मीळ झाला. कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आम्हाला मात्र जास्त खटकतं ते हे, की ‘संपूर्ण आहार’ हा शब्द लेबलावर किती आधी येऊन बसला होता.

आता आपल्या घरांकडे येऊ. फ्लॅटमधलं मांजर बाहेर जात नाही, म्हणजे उंदीर गेला. कुत्र्याचं खाणं घरात असतं, तेच त्याच्याही वाटीत पडतं. कुत्र्याने मांजराची वाटी चाटली तर सहसा फार बिघडत नाही, फार तर ते जाड होईल. उलट चालत नाही. कुत्र्याच्या खाण्यावर ठेवलेल्या मांजरांचे डोळे गेल्याची नोंद १९७८ चीच आहे.

शाकाहारी घरातली अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. टॉरिन हल्ली कारखान्यात बनतं, पण यादी तिथे संपत नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व करून घेतो, मांजराला ते जमत नाही. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल नसलेल्या एकाच जेवणाने त्याच्या रक्तात अमोनिया साठून ते आजारी पडू शकतं. हा हिशेब घरच्या ओट्यावर जुळवणं कठीण. घरात मांस आणायचंच नसेल तर ससा किंवा गिनी पिग पाळावा. दोघांचं मुख्य खाणं सुकं गवत. गिनी पिगला त्याबरोबर रोज ढोबळी मिरचीचा तुकडाही द्यावा. ‘क’ जीवनसत्त्व त्याला बाहेरूनच मिळावं लागतं.